बंद ट्रॅक्टरचं मोल
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील बदल आणि आपण' असा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते आहे. आपल्यापैकी निम्म्यांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत. ती घरी रोज सांगतात आणि आपण ऐकत नाही, तर माझं काय ऐकणार? मी बोलणार आहे जुन्या, बंद पडलेल्या ट्रॅक्टरबद्दल. तीन-चार वर्षं झाडाखाली उभा असलेला ट्रॅक्टर विकायला निघाला, तर त्याची अवस्था कशी ओळखायची आणि मागितलेली किंमत रास्त आहे का, हे कसं ठरवायचं. या मांडवात असा ट्रॅक्टर दारात उभा असलेले चार-पाच जण तरी असतील, आणि शेजारच्याचा स्वस्तात मिळाला तर बघू असं मनात असलेले त्याहून जास्त.

मला त्यातलं काय कळतं, हा प्रश्न बरोबर आहे. मी कॉम्प्युटर इंजिनीअर. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासलं, तेवढाच माझा यंत्राशी संबंध. पण आपल्याकडे घरात कोणी इंजिनीअर असलं की मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं त्यानेच बघायचं असतं. गेल्या दिवाळीत मी गावी आले तेव्हा असंच झालं.

आपल्या वर्गातला एक मित्र २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. नाव घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्याचा ट्रॅक्टर तेव्हापासून गोठ्याशेजारी लिंबाखाली उभा होता. वहिनींनी शेती बटाईने दिली होती आणि मुलीच्या शिक्षणासाठी त्यांना ट्रॅक्टर विकायचा होता. घेणार होता माझा सख्खा मोठा भाऊ. म्हणजे देणारी आपल्या मित्राची बायको, घेणारा माझा दादा, आणि दोघांनीही मला सांगितलं, "तूच बघ आणि काय तो भाव ठरव." नात्यातला सौदा फसला की पैसे जातात आणि पुढच्या वीस वर्षांच्या लग्नकार्यांतलं बोलणंही जातं. हे सगळं इथे सांगायला वहिनींची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांगा की, आकड्यासकट सांगा."

तेव्हा आकडे. मी पोचले तेव्हा त्या एका ट्रॅक्टरच्या तीन किमती हवेत होत्या. वहिनींचे नातेवाईक म्हणत होते साडेतीन लाख, कारण २०११ मध्ये तो पाच लाखांच्या वर पडला होता. एक व्यापारी येऊन, फक्त भोवती एक चक्कर मारून, नव्वद हजार सांगून गेला होता. आणि दादाच्या मनात होते एक लाख चाळीस हजार. तिघांपैकी एकानेही बॉनेट उघडलं नव्हतं.

नातेवाइकांचा आकडा आधी निकालात काढू. वस्तू घेतली तेव्हा काय पडली याचा आजच्या किमतीशी काही संबंध नसतो. आपल्या वडिलांच्या पिढीने बैल कसा घेतला ते आठवा. जबडा उघडून दात मोजायचे, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. खुरं उचलून बघायची, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावलं चालवायचा. मग रुमालाखाली बोटं धरून भाव. त्यात कोणी विचारायचं नाही की हा गोऱ्हा तुम्ही केवढ्याला आणला होता. ट्रॅक्टरच्या बाबतीतच आपण हा शहाणपणा कुठे हरवला, कळत नाही.

व्यापाऱ्याचा आकडा जास्त समजून घेण्यासारखा आहे. जालन्याला सळईच्या मिला आहेत, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात भंगाराला गिऱ्हाईक नाही असा दिवस उजाडत नाही. ट्रॅक्टरचं वजन साधारण १,९०० किलो धरा. त्या आठवड्यात गावात येणारा भंगारवाला किलोला तीस रुपये देत होता. म्हणजे काहीही न करता, नुसतं तोडून, ५७ हजार. ही तळाची किंमत. याच्या खाली कोणतंही यंत्र जात नाही. समुद्रातल्या मोठ्या जहाजांचंही तेच आहे. गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडायला येणारं जहाज शेवटी वजनावरच विकलं जातं, त्याने कुठली बंदरं पाहिली ते कोणी विचारत नाही. तर व्यापाऱ्याने भंगारावर तेहतीस हजार चढवून वहिनींना भाव सांगितला होता आणि वर 'बाईमाणूस आहे म्हणून जास्त देतो' असंही म्हणाला होता.

आता मुद्द्याचं. वापरून झिजलेलं यंत्र आणि उभं राहून बिघडलेलं यंत्र, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली नजर झीज शोधायला तयार झालेली असते. रंग उडाला का, टायरची नक्षी किती राहिली, मीटरवर तास किती पडले. पण जो ट्रॅक्टर साडेतीन वर्षं हललाच नाही, त्याचं नुकसान झिजेने झालेलं नसतं. ते पाण्याने, गंजाने, उंदरांनी आणि वाळलेल्या रबराने झालेलं असतं. पुण्यात माझ्या ऑफिसात मालवणचा एक सहकारी आहे, त्यांच्या घरी होड्या. तो म्हणतो, लाकडी होडी पाण्यात असते तोवर फळ्या फुगून सांधे धरून असतात. तीच दोन उन्हाळे वाळूवर पडली की फळ्या सुकतात आणि सांधे उघडतात. वरून रंगरंगोटी असली तरी पाण्यात ढकलली की आत पाणी. म्हणून ते लोक जुनी होडी बघताना तळाच्या फळ्या ठोकत जातात आणि आवाज कुठे बद्द येतो ते ऐकतात. आमच्या ट्रॅक्टरचं अगदी असंच होतं.

आम्ही जालन्याहून एक जुना मिस्त्री बोलावला. त्याचे तीन हजार रुपये दादाने आणि वहिनींनी निम्मे-निम्मे दिले. यावर माझा आग्रह होता, आणि तुम्हीही हे करा. मिस्त्रीचे पैसे एकटा घेणारा देत असेल तर मिस्त्रीला दोष जास्त दिसतात, एकटा देणारा देत असेल तर कमी. माणूस वाईट नसतो, पण ज्याचा चहा त्याची बाजू.

मिस्त्री आला आणि त्याने सगळ्यात आधी वर बघितलं. सायलेन्सरच्या उभ्या नळीवर एक तेलाचा रिकामा डबा उपडा घातलेला होता, तारेने बांधून. त्याने विचारलं, "ह्ये कोणी घातलं? कवा घातलं?" वहिनी म्हणाल्या, "मीच. ते रोज संध्याकाळी घालायचे, म्हणून मी घातला. पावसाळ्याच्या आधी तार बदलते." मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, इंजिन वाचलं असंल बगा."

हे नीट समजून घ्या. उभ्या सायलेन्सरची नळी आभाळाकडे तोंड करून असते. पावसाचं पाणी त्यातून खाली येतं. इंजिन बंद असताना एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. पाणी तिथून आत जातं, पिस्टन आणि लायनर गंजून एकमेकांना धरतात, आणि इंजिन जाम. मग ते खोलून लायनर-पिस्टन बदलणं म्हणजे मिस्त्रीच्या हिशोबाने साठ हजारांचं काम. दादाने मनात जे १ लाख ४० हजार धरले होते ते इंजिन जाम आहे असं समजूनच. तसं समजण्यात त्याची चूक नव्हती, उभ्या ट्रॅक्टरचं बहुतेक वेळा तेच होतं.

पण डबा आहे म्हणून इंजिन चांगलं, असं धरून चालत नाही. मिस्त्रीने बॅटरी लावून सेल मारायला साफ नकार दिला. जाम किंवा अर्धवट जाम इंजिनाला जोराने फिरवलं तर पिस्टनच्या रिंगा तुटतात. जुना ट्रॅक्टर बघायला गेल्यावर पहिलं वाक्य 'चालू करून दाखवा' असतं, ते उभ्या ट्रॅक्टरला लागू नाही. त्याने चारही नोझल काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून थोडं-थोडं ओतलं आणि दोन रात्री तसंच ठेवलं. तोवर बाकीची तपासणी.

ऑइलची पट्टी बाहेर काढून बघायची. ऑइल काळं असेल तर घाबरायचं नाही, डिझेल इंजिनचं ऑइल काळं होतंच. ते ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय. डिझेलचा वास आला आणि पातळी खुणेच्या वर असेल तर पंपातून डिझेल गळून खाली उतरतंय. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाची तवंग आहे का बघायचं. आमच्याकडे ऑइल काळं, पातळी बरोबर, तवंग नाही, पण रेडिएटरचे रबरी पाइप दाबले की कुरकुर वाजत होते. ते गेले. वायरिंग उंदरांनी खाल्लेली. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि चिकट गाळ होता. अर्धी टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर उभा केला की वरच्या हवेतला दमटपणा आत पाणी होऊन साठतो. ते पाणी पंपात गेलं की पंपाचे बारीक भाग गंजतात. टाकीच्या झाकणाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं. ते वरवर किरकोळ वाटतं, पण ते भोक बंद राहिलं तर टाकीत हवा शिरत नाही, डिझेल पुढे येत नाही आणि ट्रॅक्टर वावरात मधेच बंद पडतो. मग चांगल्या पंपाला नाव ठेवलं जातं.

टायर बघताना दादा खूश झाला होता, कारण मागच्या टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. मिस्त्रीने बसून टायरच्या बाजूच्या भागात नख खुपसलं. बारीक-बारीक भेगा, आणि जिथे टायर साडेतीन वर्षं जमिनीवर दबलेला होता तिथे भेग बोटभर. ट्रॅक्टर उभा करतानाच आसाखाली लाकडी ठोकळे देऊन चाकं जमिनीपासून चार बोटं उचलली असती तर हे चाळीस-पंचेचाळीस हजार वाचले असते. ज्यांचा ट्रॅक्टर आज बंद उभा आहे त्यांनी घरी गेल्यावर एवढं तरी कराच.

आता वापर किती झाला, तो प्रश्न. तासांचं मीटर ४,१८० दाखवत होतं. या मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. ते बंद पडतं, बदललं जातं, त्याची केबल काढून ठेवली जाते. म्हणून त्याची साक्ष दुसरीकडून काढायची. क्लच आणि ब्रेकच्या पायाखालचं रबर किती गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग किती मोकळं आहे, पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर किती खेळतं. आणि ट्रॉलीच्या हुकाचं भोक. ते गोल असेल तर ट्रॅक्टरने मुख्यतः शेतातलं काम केलंय. लांबट झालं असेल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढल्यात, आणि मग मागचा आस, गिअर, क्लच, सगळ्याकडे संशयाने बघायचं. आपल्या भागात अंकुशनगरच्या नाहीतर तीर्थपुरीच्या कारखान्यावर ऊस वाहिलेला ट्रॅक्टर आणि मोसंबीच्या बागेत फवारणी केलेला ट्रॅक्टर, मीटरवर दोघांचे तास सारखे असले तरी किंमत सारखी होऊ शकत नाही. आमचं भोक थोडंसंच लांबट. वहिनी म्हणाल्या, ऊस दोनच हंगाम वाहिला.

मग त्यांनी एक वही आणून दिली. आपल्या मित्राने डिझेलचा हिशोब लिहून ठेवला होता, तारखेसकट. तुम्हाला त्याचं अक्षर आठवत असेल, डावीकडे झुकणारं. मराठीच्या बाई त्याला म्हणायच्या की तुझी अक्षरं वाऱ्यावर उभी आहेत. त्या वहीवरून मी तीन वर्षांचं डिझेल बेरजेला घेतलं. तासाला साडेचार लिटर धरले तर वर्षाला चारशे-सव्वाचारशे तास येत होते. दहा वर्षांचे चार हजारांच्या वर. मीटरशी जुळलं. ऑइल कधी बदललं त्याच्याही नोंदी होत्या. माझ्या आयुष्यात मी बरेच लॉग वाचले आहेत, तोच माझा धंदा आहे. इतका सरळ लॉग क्वचित बघितला. जुना ट्रॅक्टर विकताना अशी वही असेल तर ती मांडवात आणून ठेवा. तिला किंमत आहे.

तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावला. आम्ही सगळे गोठ्याजवळ उभे. पाना हलेना. त्याने थोडा मागे, थोडा पुढे असं दहा-बारा वेळा केलं, आणि मग पुली चार बोटं फिरली. कोणी काही बोललं नाही. अर्ध्या तासात पुली पूर्ण फिरायला लागली. मग गेज लावून चारही सिलिंडरचा दाब बघितला. तीन जवळजवळ सारखे, चौथा थोडा कमी. मिस्त्रीचं म्हणणं, आकडा किती येतो यापेक्षा चारही सारखे आहेत का हे आधी बघायचं. चौथ्याच्या रिंगा चिकटलेल्या असतील, चालून सुटतीलही किंवा नाहीही.

टाकी धुऊन नवीन डिझेल, दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी, पाइपातली हवा काढली आणि सेल मारला. चौथ्या वेळी चालू झाला. आधी पांढरा धूर, तो पाच मिनिटांत विरळ झाला. रेस दिल्यावर काळा, म्हणजे नोझल आणि एअर फिल्टरचं काम. निळा धूर आला असता तर इंजिन ऑइल जाळतंय असं समजायचं. तो आला नाही. ऑइल ओतायचं झाकण काढून तोंडावर नुसतं पालथं ठेवलं. झाकण थरथरलं, उडालं नाही. खालून वायू जोरात येत असता तर ते उडून पडलं असतं, आणि पिस्टन-रिंगा गेल्या हे तिथेच कळलं असतं.

क्लच दाबूनही गिअर पडेना, प्लेट गंजून चिकटलेली. रोटाव्हेटर जोडून लिफ्ट वर केली आणि इंजिन बंद केलं, तर तीन-चार मिनिटांत रोटाव्हेटर हळूहळू जमिनीला टेकला. म्हणजे हायड्रॉलिकची सीलं वाळली. ही तपासणी फुकट होते आणि बहुतेक जण करत नाहीत.

आता हिशोब. तो मी त्यांच्या ओसरीवर बसून, सगळ्यांसमोर मांडला. याच मॉडेलचे, याच एक-दोन वर्षांतले, चालू स्थितीतले तीन ट्रॅक्टर आपल्या भागात त्या सहा महिन्यांत विकले गेले होते, ते मिस्त्रीला आणि दादाच्या ओळखीच्यांना माहीत होते. ३ लाख ५, ३ लाख २० आणि ३ लाख ३५ हजार. लक्षात घ्या, हे सौदा झालेले भाव. मोबाइलवर जाहिरातीत दिसतात ते मागितलेले भाव असतात आणि मागायला पैसे पडत नाहीत. मधला आकडा धरला, ३ लाख २० हजार. त्यातून खर्च वजा. मागचे दोन टायर-ट्यूब ४६ हजार, पुढचे १०, बॅटरी ८, क्लचचं काम १५, पंप आणि नोझल १३, हायड्रॉलिक ९, वायरिंग-पाइप-ऑइल-फिल्टर मिळून १२. एकूण १ लाख १३ हजार. उरले २ लाख ७ हजार.

इंजिन जाम निघालं असतं तर यातून आणखी साठ गेले असते आणि दादाचा आकडा जवळपास बरोबर ठरला असता. म्हणजे त्या उपड्या डब्याचे साठ हजार झाले. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा जरा चिडला. म्हणाला, "तू कोणाकडून आहेस गं?" मी म्हणाले, ट्रॅक्टरकडून. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या असं त्यांच्या सासूबाई नंतर म्हणाल्या.

पण दादाचा एक मुद्दा खरा होता. चौथा सिलिंडर. पुढच्या महिन्यात इंजिनने दगा दिला तर नुकसान त्याचं. यावर दोघांनी भांडण्यापेक्षा मी आमच्या कामातली एक साधी रीत सुचवली. आमच्याकडे गिऱ्हाईक सगळे पैसे एकदम देत नाही. थोडे राखून ठेवतं, काम ठरावीक दिवस नीट चाललं की देतं. वहिनींनी आपण होऊन सात हजार सोडले, सौदा झाला २ लाखांचा. १ लाख ७५ हजार लगेच, २५ हजार ट्रॅक्टर पन्नास तास शेतात चालल्यावर. अट कागदावर लिहिली. पन्नास तासांत एक लिटरपेक्षा जास्त ऑइल वरून टाकावं लागलं नाही तर पूर्ण पैसे, लागलं तर ते पंचवीस इंजिनच्या कामाला. खाली दोघांच्या सह्या, साक्षीदार मिस्त्री.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण यंत्र बरं निघूनही सौदे इथे अडतात. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः घासून, पेन्सिलने कागदावर छाप घेऊन आरसी बुकाशी जुळवा. मालक हयात नसेल तर ट्रॅक्टर थेट घेणाऱ्याच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० ने पुढे. वारसाने हा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो, आपल्याकडे दुःखात आणि धावपळीत तो राहूनच जातो, मग दंड भरावा लागतो. दुसरं, कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं नाही. आपल्या मित्राने हप्ते कधीच फेडले होते, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच होतं. त्यासाठी बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. नंबर टाकला की एम-परिवहन ॲपवर बोजा आणि विमा दोन मिनिटांत दिसतो, सौद्याच्या आधी बघा. आणि नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०११ च्या ट्रॅक्टरची २०२६ मध्ये संपते, पुढे तपासणी करून नूतनीकरण. तो खर्च आणि जालन्याच्या आरटीओच्या चकरा घेणाऱ्याने मनात धराव्यात. बँकेच्या शाखेत त्या एका पत्रासाठी वहिनींना पाच हेलपाटे पडले, सहाव्या वेळी मी सोबत गेले. शाखा कोणती ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.

आणखी एक गोष्ट, जे आता यावर्षी जुना ट्रॅक्टर घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ वर. नवा स्वस्त झाला की जुन्याचा भाव तेवढा टिकत नाही, आणि टायरचा खर्चही कमी धरावा लागतो. म्हणजे माझे गेल्या वर्षीचे आकडे तसेच्या तसे उचलू नका. रीत तीच ठेवा, आकडे आजचे विचारा.

दादाने पहिले पन्नास तास हरभऱ्याच्या पेरणीत आणि नंतर मोसंबीच्या बागेत काढले. ऑइल पाऊण लिटर वरून टाकावं लागलं. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी तो पंचवीस हजार घेऊन वहिनींकडे गेला, मुलीची फी त्याच आठवड्यात भरायची होती. चौथा सिलिंडर अजून थोडा कमीच आहे. दादा म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात बघू.